तलवारीच्या टोकापर्यंत धातू का पोहोचत नाही: युद्धखेळातील धातूच्या सैनिकांचे ओतकाम

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. प्रश्नकर्त्यांना पानिपतच्या १७६१ च्या लढाईतील मराठा स्वार आणि इब्राहिमखान गारद्याचे पायदळ, टेबलावरच्या युद्धखेळासाठी, २८ मिलिमीटर मापात धातूचे ओतून हवे आहे. मूळ आकृत्या त्यांनी थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये काढल्या, खोलीच्या तापमानाला घट्ट होणाऱ्या सिलिकॉनचा दोन भागांचा साचा केला आणि ६०-४० चे सोल्डर, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे यांचा डाख, वितळवून त्यात ओतले. धड, पगडी आणि पायाखालचा तळ चांगला उतरतो; तलवारीचे पाते, बंदुकीची नळी आणि बोटे मात्र अर्ध्यावर तुटल्यासारखी येतात. धातू अधिक तापवून पाहिला तरी पाते भरले नाही, साचा मात्र करपू लागला. धातू अजून किती तापवावा, की सरळ फिरते ओतयंत्र, म्हणजे साचा वेगाने फिरवून धातू टोकांपर्यंत ढकलणारे यंत्र, घ्यावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी नॉटिंगहॅमजवळच्या एका लहान कार्यशाळेत हेच काम करतो. इंग्लंडच्या या भागात धातूचे सैनिक ओतणाऱ्या इतक्या संस्था एकवटल्या आहेत की छंदातले लोक याला शिशाचा पट्टा म्हणतात. माझ्या मते तुमच्या प्रश्नातले दोन्ही पर्याय मुद्द्याच्या थोडे बाजूला आहेत. तुमची अडचण उष्णतेची नसून दाबाची आणि कोंडलेल्या हवेची आहे. यंत्र घेतल्याने दाब वाढेल हे खरे, पण आकृती साच्यात चुकीची ठेवलेली असेल तर यंत्रातूनही अर्धवट तलवारीच बाहेर पडतील, फक्त अधिक वेगाने.

दाबाचा हिशेब साधा आहे आणि तो एकदा समजला की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुचतात. वितळलेले सोल्डर सिलिकॉनला चिकटत नाही. ते अरुंद भोकात आपणहून शिरत नाही, उलट पृष्ठताणामुळे भोकाच्या तोंडाशी गोल होऊन थांबते, आणि त्याला आत ढकलावे लागते. अर्धा मिलिमीटर व्यासाच्या भोकात सोल्डर ढकलायला सुमारे ४ किलोपास्कल दाब लागतो. तुमच्या साच्यात तलवारीच्या टोकावर धातूचा स्तंभ साधारण ५ सेंटिमीटर उंच असेल, तर त्या वजनाचा दाबही जवळपास ४ किलोपास्कलच होतो. म्हणजे तुम्ही नेमके काठावर उभे आहात. त्यात धातूवरची ऑक्साइडची पातळ साय आणि भोकात कोंडलेली हवा यांचा विरोध मिळवला की पाते न भरणे हेच स्वाभाविक ठरते. धातू १०० अंशांनी अधिक तापवला तरी पृष्ठताण दोन-तीन टक्क्यांहून अधिक घटत नाही. जास्त तापमानामुळे धातू गोठायला थोडा अधिक वेळ घेतो एवढाच फायदा, आणि तुमचा धातू गोठण्यापूर्वीच अडत असल्यामुळे तो फायदा तुमच्या पदरात पडत नाही.

आता फिरत्या साच्याचा हिशेब पाहा. नऊ इंची रबरी चकतीत मधोमध धातू ओतला, चकती मिनिटाला ५०० फेऱ्यांनी फिरत असली आणि आकृतीचे बाहेरचे टोक केंद्रापासून ९ सेंटिमीटरवर असले, तर त्या टोकाशी ८० ते ९० किलोपास्कल दाब तयार होतो. उभ्या साच्याच्या वीसपट दाब मिळतो तो असा. दुकानात मिळणाऱ्या धातूच्या सैनिकाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि कमरपट्ट्याची बक्कल इतकी स्पष्ट का असते, याचे मुख्य उत्तर या आकड्यात आहे.

कार्यशाळेत हे काम कसे चालते ते सांगतो, कारण घरी करतानाही त्यातली बरीच तत्त्वे उपयोगी पडतात. व्हल्कनाइझ न केलेल्या, म्हणजे अजून तापवून पक्क्या न केलेल्या, कणकेसारख्या मऊ सिलिकॉन रबराच्या दोन चकत्या घेतात. खालच्या चकतीत आकृत्या केंद्राभोवती, पाय आतल्या बाजूला आणि डोके परिघाकडे, अशा निम्म्या रुतवतात. दोन्ही अर्धे पुन्हा नेमके जुळावेत म्हणून कडेला घुमटाकार नट बसवतात, चकत्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये शंखजिऱ्याची पूड किंवा तत्सम द्रव्य लावतात, वरची चकती ठेवतात आणि सगळे धातूच्या कड्यात घालून तापत्या प्रेसखाली दाबतात. प्रेसचा दाब काही टनांचा आणि तापमान १५० ते १७५ अंश सेल्सियसच्या आसपास असते. तास-दीड तासाने, चकतीच्या जाडीनुसार, रबर पक्के होते. मग साचा उघडून मूळ आकृत्या काढतात आणि केंद्रापासून प्रत्येक आकृतीच्या तळापर्यंत धातूची वाट, म्हणजे रनर, धारदार सुरीने रबरात कोरतात. हवेच्या वाटाही हातानेच कोरतात.

कोरण्याच्या या कामाला मी सर्वाधिक वेळ देतो, आणि नव्या साच्याचे यश त्यावरच सर्वाधिक अवलंबून असते असे माझे ठाम मत आहे. रबरातून हवा बाहेर जात नाही. वाळूच्या साच्यात हवा वाळूच्या कणांतून झिरपते. इथे ती सोय नाही. तलवारीचे टोक, कोपर, पगडीचा तुरा, बंदुकीचे तोंड, अशा प्रत्येक आंधळ्या टोकाला हवेची स्वतंत्र वाट द्यावी लागते. ती अगदी बारीक ठेवतो. हवा निघून जाते आणि मागून येणारा धातू त्या बारीक वाटेत शिरताच गोठून तिला बूच लावतो. वाट रुंद झाली तर धातू तिच्यातून पुढे पळतो आणि साफसफाई वाढते. जिथे दोन अर्ध्यांच्या सांध्यावर वाट काढता येत नाही, उदाहरणार्थ चेहऱ्याच्या बाजूला पुढे आलेल्या मुठीच्या तळाशी, तिथे बारीक ड्रिलने साच्याच्या पाठीपर्यंत भोक पाडतो. सुरुवातीच्या ओतांमध्ये कोणते टोक अपुरे येते ते पाहून त्या ठिकाणी वाट वाढवत जायची. सगळ्या वाटा पहिल्याच दिवशी कोरून टाकू नयेत, कारण कापलेले रबर परत जोडता येत नाही.

ओतताना दोन्ही अर्ध्यांना शंखजिऱ्याची पूड चोळून झटकतात. ती पूड रबराचा पृष्ठभाग किंचित खरखरीत ठेवते, त्या सूक्ष्म खरखरीतून हवा सरकते आणि धातू अधिक सहज पसरतो. तुमच्या उभ्या साच्यातही ही पूड आजच वापरून पाहा. ती स्वस्त आहे आणि तिचा परिणाम लगेच दिसतो. साचा यंत्रात हवेच्या दाबाने दाबून धरतात, फिरवतात, मधल्या भोकातून धातू ओततात आणि धातू गोठेपर्यंत, म्हणजे मिनिटभर ते तीन मिनिटे, फिरू देतात. दाबून धरण्याचा जोर कमी किंवा वेग फार जास्त असेल तर धातू दोन अर्ध्यांच्या मधून कडेला पसरतो आणि आकृतीभोवती पातळ पापुद्रा येतो. जोर फार जास्त असेल तर रबर दबून आकृती चपटी होते आणि हवेच्या वाटाही बंद होतात. हे दोन्ही आकडे यंत्र, रबराचा कडकपणा आणि आकृतीची जाडी यांवर अवलंबून असतात. मी प्रत्येक साच्याच्या पाठीवर त्याचे आकडे लिहून ठेवतो. थंड साच्यातले पहिले काही ओत नेहमी सुरकुतलेले येतात. ते परत भांड्यात टाकायचे, साचा त्यांनीच तापतो.

आता तुमच्या उभ्या साच्याबद्दल. यंत्र न घेता दाब वाढवण्याचा सरळ उपाय म्हणजे ओतण्याची नळी उंच करणे. धातूचा स्तंभ ५ वरून १० सेंटिमीटर केला की दाब दुप्पट होतो, आणि काठावर असलेल्या तुमच्या तलवारीला तेवढा पुरण्याची चांगली शक्यता आहे. साचा त्या उंचीचा पुन्हा करावा लागेल. नळीचे तोंड फनेलसारखे रुंद ठेवा, म्हणजे वरचा धातू शेवटपर्यंत वितळलेला राहून खालच्याला दाबत राहील आणि गोठताना आकसणाऱ्या धडाला भरही घालील. धातू आकृतीच्या तळातून शिरू द्या, म्हणजे सैनिक साच्यात उलटा, डोके खाली करून, उभा राहील. मग अशा उलट्या साच्यात तलवारीचे टोक जर वरच्या दिशेला वळलेले असेल तर तिथे हवा हमखास अडकते, म्हणून त्या टोकापासून वर, साच्याच्या वरच्या कडेपर्यंत, बारीक वाट न्या. साचा ओतण्यापूर्वी गरम असला पाहिजे, आणि धातू न थांबता एका दमात ओतल्यावर लगेच साचा टेबलावर हलकेच आपटावा.

तरीही मूळ आकृतीच बदलणे अनेकदा शहाणपणाचे असते. पूर्वीच्या धातूच्या सैनिकांचे हात शरीराच्या पातळीतच पसरलेले आणि पवित्रा जरा चपटा का असतो, याचे कारण हेच की दोन भागांच्या साच्यातून एका तुकड्यात त्याहून वेगळे सहज निघत नाही. तुमचा गारदी बंदूक थेट समोर रोखून उभा असेल तर त्याचे हात बंदुकीसह वेगळे ओता आणि नंतर चिकटवा. बंदूक छातीशी तिरपी धरलेली असेल तर एकाच तुकड्यात काम होते. साच्याची सांधरेषा शरीराच्या कडेने, पायजम्याच्या शिवणीवरून, कानामागून न्या. चेहऱ्यावरून किंवा ढालीच्या नक्षीवरून ती कधीच जाऊ देऊ नका, कारण तिथे कानस चालवणे म्हणजे तपशील घालवणे. रबर लवचिक असल्यामुळे थोडी आत वळलेली जागा चालते. पण काख आणि पोट यांच्यामधली खोल फट प्रत्येक ओताला रबर ओढते आणि साचा तिथेच प्रथम फाटतो.

मराठा स्वारांच्या बाबतीत माझा आग्रह असा की भाले ओतूच नका. इथल्या अनेक संस्था भाल्यांसाठी पोलादी किंवा पितळी तार देतात आणि सैनिकाची मूठ भोक पाडण्याजोगी भरीव ठेवतात. ओतलेला लांब भाला नीट भरला तरी खेळताना वाकतो, आणि सरळ करता करता एक दिवस तुटतो. घोड्याचे धड तर जाड असल्यामुळे सगळ्यात शेवटी गोठते. त्याला भर घालणारा धातू पातळ पायांतून येत असेल तर पाय आधी गोठतात, वाट बंद होते आणि पाठीवर किंवा पोटावर खड्डा पडतो. म्हणून मी घोडा डाव्या-उजव्या अशा दोन अर्ध्यांत ओततो, आतून पोकळ ठेवतो, आणि रनर जाड भागाला जोडतो. पोकळ घोड्यामुळे धातूही वाचतो, आणि कथिलाचा भाव पाहता स्वारांच्या पथकात ती बचत लहान नसते.

धातूच्या निवडीबद्दल काही गोष्टी परिस्थितीवर सोडाव्या लागतील, कारण तुमच्या गावात काय मिळते ते मला माहीत नाही. तत्त्व मात्र सांगता येते. कथील २३२ अंशांना वितळते, शिसे ३२७ ला, पण ६२ टक्के कथील आणि ३८ टक्के शिसे यांचे मिश्रण १८३ अंशांनाच एकदम वितळते आणि एकदम गोठते. तुमचे ६०-४० चे सोल्डर त्याच्या अगदी जवळचे आहे. ते पातळ वाहते आणि साच्याला सौम्य असते, म्हणून शिकायला उत्तम. सोल्डरचे निव्वळ धातूचे पट्टेच घ्या. आत राळ भरलेली तार ओतकामाला नको. ते २५० अंशांच्या आसपास ओतले तरी पुरते, ४०० पर्यंत नेण्याचे काहीच कारण नाही. अति तापलेल्या धातूची ओळख म्हणजे आकृतीचा पृष्ठभाग चकचकीत न येता पांढुरका, दाणेदार येतो आणि जाड भागात खड्डे पडतात. थंड धातूची ओळख म्हणजे गोलसर कडा आणि पृष्ठभागावरच्या लाटा. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रांत पगडी पांढुरकी आणि तलवार अर्धी दिसते, म्हणजे धातू जास्त गरम असूनही पाते भरलेले नाही. उष्णतेचा दोष नाही याचा तो पुरावाच आहे.

बिनशिशाचा धातू हवा असेल तर ब्रिटानिया जातीचा प्यूटर घ्यावा. त्यात साधारण ९२ टक्के कथील, ६ अँटिमनी आणि २ तांबे असते. अँटिमनीमुळे कडकपणा येतो, आणि गोठताना होणारे आकसणेही कमी होते, कारण अँटिमनी स्वतः गोठताना किंचित फुगते. हा धातू पूर्ण वितळायला ३०० अंशांच्या जवळ जावे लागते आणि खोलीच्या तापमानाला घट्ट होणारी बरीचशी सिलिकॉने तेवढे सोसत नाहीत. उष्णता सोसणारा प्रकार मागून घ्या आणि त्याच्या मर्यादेचा आकडा डब्यावर वाचा. कल्हईचे शुद्ध कथील चालते, पण एकट्याने ते मऊ राहते. बिस्मथ आणि कथील यांचे १३८ अंशांना वितळणारे मिश्रण साच्याला फार सुखाचे असले तरी ठिसूळ असते, आणि तलवारीसारखा भाग त्यात लवकर तुटतो. वेगवेगळ्या धातूंचे उरलेले तुकडे एकाच भांड्यात टाकू नका. बिस्मथ, शिसे आणि कथील एकत्र आले की १०० अंशांच्याही खाली वितळणारा अंश तयार होतो आणि पुढचा सगळा घाणा बिघडतो.

शिशाबद्दल स्पष्ट बोलणे मी माझे कर्तव्य समजतो. लहान मुलांना शिशाची बाधा होईल या भीतीने अमेरिकेत १९९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात शिशाच्या आकृत्यांवर बंदी येण्याची वेळ आली होती आणि धातूच्या आकृत्या बनवणाऱ्या राल पार्थासारख्या संस्थेने त्याच सुमारास बिनशिशाचा धातू स्वीकारला. सोल्डरच्या ओतण्याच्या तापमानाला शिशाची वाफ नगण्य असते. खरा धोका असतो तो धातूवर जमणाऱ्या राखाडी मळीच्या धुळीचा आणि कानशीच्या भुग्याचा, जो हातावरून तोंडात जातो. म्हणून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकाच्या भांड्यात हे काम मुळीच करू नये. खिडकी उघडी असावी, मळी झाकणाच्या डब्यात ठेवावी, कानस ओली करून चालवावी आणि काम संपताच साबणाने हात धुवावेत. घरात लहान मूल असेल तर थोडा खर्च सोसून प्यूटरच घ्या. याहून तातडीचा धोका पाण्याचा आहे. वितळलेल्या धातूत पाण्याचा थेंब बुडाला की त्याची क्षणात वाफ होते आणि धातू तोंडावर उडतो. भांड्यात टाकायचा प्रत्येक तुकडा आधी भांड्याच्या कडेवर तापवून कोरडा करा. चष्मा, कातडी हातमोजे आणि बंद बूट यांच्याशिवाय ओतू नका.

आता मूळ प्रिंटविषयी, कारण यंत्राचा निर्णय त्याच्याशी बांधलेला आहे. साध्या रेझिनचा प्रिंट प्रेसखालची उष्णता आणि दाब सोसत नाही. तो तडकतो किंवा वाकतो. म्हणून दोन पायऱ्या लागतात: आधी तुमच्यासारख्या थंड सिलिकॉनच्या साच्यातून काही निर्दोष धातूच्या प्रती काढायच्या, त्या हाताने साफ करायच्या, आणि त्या प्रती तापत्या रबरात रुतवून उत्पादनाचा साचा करायचा. प्रत्येक पायरीत रबर आणि धातू मिळून आकृती एक ते तीन टक्के लहान होते. दोन पायऱ्यांनंतर २८ मिलिमीटरचा सैनिक २७ च्या आसपास येऊ शकतो, म्हणून एक नमुना ओतून मोजा आणि त्या प्रमाणात प्रिंट आधीच मोठा काढा. प्रिंट धुऊन, प्रकाशात पूर्ण पक्का करूनच साच्यात घ्या. प्लॅटिनमवर घट्ट होणारे सिलिकॉन अर्धवट पक्क्या रेझिनला लागले की तिथे चिकट, ओलेच राहते. कथिलाच्या संयुगावर घट्ट होणाऱ्या प्रकाराला हा त्रास सहसा होत नाही.

तेव्हा यंत्र घ्यावे का? तुम्हाला एका लढाईपुरते स्वतःचे सैन्य हवे असेल तर नको. उंच नळी, हवेच्या वाटा, शंखजिरे आणि सुधारलेल्या आकृत्या एवढ्यावर ते होईल, जरी वेळ बराच लागेल. विकण्यासाठी शेकड्यांनी ओतायचे असेल तर फिरत्या साच्याला पर्याय नाही. पण तेव्हाही आधी बाहेरून ओतून घेण्याचा विचार करा. हे तंत्र नकली दागिन्यांच्या धंद्यातही रूढ आहे, आणि मुंबईत व्हाइट मेटलचे, म्हणजे कमी तापमानाला वितळणाऱ्या पांढऱ्या मिश्रधातूचे, दागिने ओतणाऱ्यांकडे रबरी चकत्यांची अशीच यंत्रे असतात. त्यांना तुमच्या निर्दोष धातूच्या प्रती आणि सांधरेषा कुठे हवी याचे रेखाचित्र द्या, धातूचे प्रमाण लेखी ठरवा, आणि पहिल्या साच्यात एकाच गारद्याच्या अनेक प्रती बसवण्याऐवजी वेगवेगळे पवित्रे बसवून घ्या, म्हणजे कोणता पवित्रा साच्याला मानवतो ते एकाच खर्चात कळेल. जुन्या मोटारीवर घरी फिरते यंत्र बांधण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. मिनिटाला ५०० फेऱ्यांनी फिरणाऱ्या चकतीतून निसटलेला वितळलेला धातू अडवायला जे भक्कम लोखंडी आवरण आणि झाकणाची कुलूपबंद रचना लागते, ती घरगुती जुळवाजुळवीत मला कधीच समाधानकारक दिसलेली नाही.

या आठवड्यात करायचे असेल तर तलवार वर उगारलेला सैनिक बाजूला ठेवा आणि बंदूक छातीशी धरलेला एकच गारदी घ्या. १० सेंटिमीटरच्या नळीचा नवा साचा करा, बंदुकीच्या तोंडाला एक आणि कोपराला एक अशा दोनच वाटा द्या, आणि सोल्डर २५० अंशांना तापमापक लावून ओता. साचा गरम झाल्यानंतरही बंदूक अपुरी आली तर अपुऱ्या टोकाचे जवळून घेतलेले छायाचित्र पाठवा: टोक गोल आणि चकचकीत असेल तर हवा अडते आहे, आणि सुरकुतलेले असेल तर धातू किंवा साचा थंड आहे.